मॅडम, तुम्ही कोणाला सांगितलंत?

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचा एक वाजून गेला होता. शेवटचे पेशंट आजोबा कठड्याला धरून जिना उतरत होते आणि मी डबा उघडायच्या बेतात होते. तेवढ्यात ती आली. अपॉइंटमेंट नव्हती. बाहेर बसणाऱ्या आमच्या काकू "अगं, थांब जरा" म्हणेपर्यंत ती माझ्या खोलीत येऊन उभीही राहिली. मागचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही कोणाला सांगितलंत?"

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कान तपासते आणि लागलं तर मशीन बसवते. ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर सतरा वर्षांपासून माझं क्लिनिक आहे. दोन खोल्या आणि एक साउंडप्रूफ बूथ. बूथ जाड भिंतींचा आहे आणि त्याचं दार ओढून बंद केलं की बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न, खालच्या दुकानाचं शटर, सगळं एकदम थांबतं. काहीजण आत बसल्यावर घाबरतात, इतकी शांतता असते. माझ्या कामाचा पाया त्या शांततेवर आहे, आणि त्याहून जास्त एका विश्वासावर: इथे जे बोललं जाईल ते इथेच राहील. आपल्याकडे चष्मा कोणी लपवत नाही, कान लपवतात. लग्न ठरायच्या वयातल्या मुली तर फारच.

पुढे लिहितेय ते तिची परवानगी घेऊन. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हा मजकूर टाकण्याआधी तिने वाचला आहे.

ती सव्वीस वर्षांची. डिसेंबरच्या शेवटी पहिल्यांदा आली तेव्हा फार हळू बोलत होती, मला दोनदा पुढे वाकावं लागलं. "मॅडम, गंमत म्हणजे लोकलमध्ये मला मैत्रिणींचं नीट ऐकू येतं," ती म्हणाली, "घरीच येत नाही. आई स्वयंपाकघरातून हाक मारते ती कळत नाही." हे ऐकलं की आमच्या पेशातल्या माणसाला अर्धं निदान तिथेच होतं. ऑटोस्क्लेरोसिसमध्ये कानातलं सगळ्यात छोटं हाड जखडतं. स्वतःचा आवाज स्वतःला मोठा वाटतो म्हणून माणूस हळू बोलतो. गाडीच्या खडखडाटात बाकीचे आवाज चढवून बोलतात, तो खडखडाट मात्र हिला कमी ऐकू येतो, म्हणून तिथे तिचं जास्त जमतं. तपासणीत तेच निघालं. कानाच्या डॉक्टरांना दाखव, ऑपरेशनचा पर्याय आहे, तोपर्यंत छोटं मशीन लावून बघू, असं सांगितलं. तिने एकच विचारलं होतं, "हे कोणाला कळायला नको ना?" तिचं लग्न मे महिन्यात. मी म्हटलं होतं, "माझ्याकडून कोणालाच नाही."

आता महिन्याभराने ती विचारत होती की कोणाला सांगितलंत.

झालं होतं ते असं. होणाऱ्या सासूबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण वाटून झालं, तिळगूळ झाला, बायका गप्पा मारत बसल्या. नणंद म्हणाली, तो ब्लाउजचा गळा दाखव ना, त्या दिवशी म्हणत होतीस तो. हिने फोन उघडून दिला. नणंद बोटाने वर वर सरकवत गेली. दोन साड्या, एक रांगोळी, मग जाहिरात: कोणाला दिसणारही नाही असं कानाचं मशीन. पुढे एक रेसिपी आणि पुन्हा मशीन. नंतर एक बाई कानामागे बोट नेऊन हसतेय. नणंदेने अगदी सहज विचारलं, वाईट हेतू काही नव्हता, "अगं, मशीन कोणासाठी बघतेयस?" चार बायका बसल्या होत्या. हिच्या तोंडून निघून गेलं, "बाबांसाठी."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा हिच्या आईला फोन. विहीणबाई, तुमच्याकडे ऐकू कमी येण्याचं आहे का कोणाला? आम्हाला बोलला नाहीत. आईला काहीच माहीत नाही. वडिलांचे कान ठणठणीत. त्यांनी लेकीकडे बघितलं आणि लेकीला सगळं सांगावं लागलं. आधी आईवडिलांना, मग त्याच संध्याकाळी तलावपाळीला होणाऱ्या नवऱ्याला बोलावून, घाईघाईत.

"मला सांगायचंच होतं मॅडम," ती माझ्यासमोर बसून म्हणाली. "संक्रांत झाली की त्याला भेटून सांगणार होते. रिपोर्ट घेऊन, ऑपरेशनचं नीट विचारून. पण मी सांगणार होते ना."

सतरा वर्षांत कोणी माझ्यावर असा आरोप केला नव्हता. मी आधी स्वतःचा बचावच केला, हे कबूल करते. म्हटलं, अगं, माझ्या खोलीतून शब्द बाहेर जात नाही, तू गुगलवर काही शोधलं असशील. ती म्हणाली, शोधलं नाही, घरचे फोन हातात घेतात म्हणून मुद्दाम शोधलं नाही. मग फोन ऐकत असेल, मी म्हटलं. हे तर माझे निम्मे पेशंट म्हणतात, आपण बोललो की फोनमध्ये त्याचीच जाहिरात येते. आता मला कळलंय की फोनने ऐकायची गरजच नसते.

तिच्या ऑफिसातल्या एकाने तिला सांगितलं होतं की त्या सोशल मीडिया ॲपच्या सेटिंगमध्ये आत आत गेलं की एक पान आहे. ॲपच्या बाहेर तुम्ही कुठे काय केलंत, याची जी माहिती इतर दुकानं, वेबसाइटी आणि ॲप त्या कंपनीला पाठवतात, त्यांची यादी तिथे दिसते. ते पान उघडूनच तिने फोन माझ्या टेबलावर ठेवला. दोनशेच्या वर नावं होती. राममारुती रोडवरचं एक साड्यांचं दुकान, कर्ज देणारं एक ॲप, लग्न जुळवणारी साइट, एक बातम्यांचं पोर्टल. ती अंगठ्याने यादी खाली सरकवत राहिली आणि एका ठिकाणी थांबली.

माझ्या क्लिनिकचं नाव होतं. चार नोंदी, शेवटची २८ डिसेंबरची. त्याच रात्री तिने आमच्या वेबसाइटवरून अपॉइंटमेंट घेतली होती.

डबा तसाच राहिला त्या दिवशी.

माझा भाचा ऐरोलीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. शनिवारी त्याला बोलावून घेतलं. त्याने क्लिनिकच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, आमची वेबसाइट लावली आणि ब्राउझरच्या खालच्या अर्ध्यात एक खिडकी उघडली. पान लोड होताना ते कुठे कुठे काय काय पाठवतं, ते तिथे ओळीओळीने दिसतं. मला म्हणाला, मावशी, तू पेशंट असल्यासारखा फॉर्म भर. मी खोटं नाव घातलं, स्वतःचा मोबाइल नंबर घातला. 'त्रास काय आहे' या चौकटीत चार पर्याय आहेत: ऐकू कमी येतं, कानात आवाज येतो, चक्कर येते, जुनं मशीन बदलायचं आहे. ते पर्याय मीच लिहून दिले होते. मी पहिला निवडला. तो निवडला की 'ऐकू कमी येणे' असं शीर्षक असलेलं पुढचं पान उघडतं आणि खाली बटण असतं, 'तपासणीची वेळ घ्या'.

बटण दाबायच्या आधीच दोन ओळी गेल्या होत्या, दाबल्यावर आणखी दोन गेल्या. भाच्याने एकेक उघडून दाखवली. कोणतं पान बघितलं, त्याचा पूर्ण पत्ता, आणि त्या पत्त्यातच तक्रारीचं नाव. कोणतं बटण दाबलं, त्यावरची अक्षरं. किती वाजता. ब्राउझरमध्ये ठेवलेला एक लांबलचक क्रमांक. आणि चौसष्ट अक्षरांची एक अगम्य ओळ. ती काय, विचारलं तर म्हणाला, हा तुझा मोबाइल नंबर आहे, फक्त घुसळलेला.

हे मी त्याच्याकडून तीनदा समजून घेतलं, म्हणून सांगते. नंबर जसाच्या तसा जात नाही. एका ठरलेल्या गणिताने त्याची अशी गुंतागुंत केली जाते की ती उलटी सोडवता येत नाही. पण एका नंबरातून दर वेळी तीच अक्षरं निघतात. त्या कंपनीकडे तिच्या सगळ्या वापरकर्त्यांचे नंबर असतातच, कारण आपण खातं उघडताना दिलेले असतात. ती स्वतःकडचे नंबर त्याच गणितात घालते आणि दोन्ही बाजूंची अक्षरं जुळवून बघते. जुळली, की 'ऐकू कमी येणे'वाली व्यक्ती कोण ते कळलं. मग इन्कॉग्निटोमध्ये बघितलं काय, फोन बदलला काय, नंबर तोच आहे. म्हणून "आम्ही नंबर सांकेतिक करून पाठवतो" एवढ्याने माझं समाधान होत नाही. जिच्याकडे कुलपाची किल्ली आधीच आहे, तिलाच कुलूप लावलेली पेटी पाठवण्यातला हा प्रकार आहे.

साइटवरून हे सगळं पाठवणाऱ्या कोडच्या तुकड्याला पिक्सेल म्हणतात. पूर्वी खरोखरच एका ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र पानावर ठेवत आणि ते चित्र मागवायला ब्राउझर कंपनीच्या सर्व्हरकडे गेला की तिथे नोंद होई. आता तो कोडचा तुकडा असतो आणि त्याला पुष्कळ जास्त कळतं.

तो आमच्या साइटवर आला कसा? वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या एजन्सीकडून २०२१ मध्ये मी वेबसाइट करून घेतली होती. जुनी बिलं काढली. एका बिलावर तिसऱ्या ओळीत छापलेलं होतं: पिक्सेल सेटअप, तीन हजार पाचशे रुपये. खाली माझी सही. पैसे मी दिले होते, आणि ते काय आहे हे विचारलंही नव्हतं. एजन्सीच्या मुलाला फोन केला तर तो गोंधळला. म्हणाला, "मॅडम, सगळेच लावतात. साइटवर येऊन गेला त्यालाच परत जाहिरात दाखवायची, रिटार्गेटिंग म्हणतात. नाहीतर पैसे वाया जातात." मुलगा वाईट नाही. त्याला जे शिकवलं ते तो करतो. मग त्यानेच आठवण करून दिली, "आणि ती लिस्ट दिली होती ना मॅडम तुम्ही, दिवाळीच्या कॅम्पच्या वेळी."

दिली होती. २०२२ च्या दिवाळीआधी मोफत तपासणी शिबिर होतं. जुन्या पेशंटांसारखेच लोक शोधता येतील, फक्त नावं आणि नंबर द्या, असं तो म्हणाला होता. काकूंनी एक्सेलमध्ये भरलेली पेशंटांची यादी मी मेलवर पाठवून दिली. एकालाही विचारलं नाही. यादीत फक्त नावं आणि नंबर होते हे खरं, पण कानाच्या क्लिनिकच्या यादीत नाव असणं हीच माहिती असते.

रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले. जगात हे माझ्या आधी किती जणांच्या हातून घडलंय, ते दिसत गेलं. अमेरिकेतल्या द मार्कअप या वृत्तसंस्थेने जून २०२२ मध्ये तिथल्या नावाजलेल्या १०० हॉस्पिटलांच्या वेबसाइटी तपासल्या. ३३ ठिकाणी असं आढळलं की पेशंटने अपॉइंटमेंटचं बटण दाबलं की त्याची खबर फेसबुकला जात होती. अगदी तेच बटण. स्वीडनमध्ये अपोटेकेट नावाची औषध दुकानांची मोठी सरकारी साखळी आहे. तिच्या वेबसाइटवरच्या मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीच्या, पिक्सेलमधून गिऱ्हाइकांची माहिती गेली म्हणून तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये तिला ३ कोटी ७० लाख क्रोनांचा दंड केला. दंड मेटाला नाही, दुकानाला. पिक्सेल ज्याने लावला त्याला. हे वाचून मी बराच वेळ त्याच ओळीवर होते.

फ्लो नावाचं मासिक पाळीच्या नोंदींचं ॲप आहे, आपल्याकडच्या मुलीही ते वापरतात. त्या ॲपमधून बायकांची माहिती घेतल्याच्या खटल्यात ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्यूरीने मेटाविरुद्ध कौल दिला. त्याच्याही आधीचं एक प्रकरण आहे. फेसबुकमधून लॉगआउट केल्यावरही, दुसऱ्या साइटींवर असलेल्या लाइकच्या बटणांमधून माग काढला जात होता, असा २०१०-११ मधला आरोप होता. तो खटला कंपनीने २०२२ मध्ये ९ कोटी डॉलर देऊन मिटवला. म्हणजे आपण दार लावून बाहेर पडलो असं समजत होतो, तेव्हाही कोणीतरी मागे चालत होतं.

आणि आपल्याकडे? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींनी आधारच्या विरोधात केलेल्या याचिकेतून तो निकाल आला. ते कोर्टात गेले तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. त्याच सुमाराला न्यायमूर्ती श्रीकृष्णांची समिती नेमली गेली. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारे तेच श्रीकृष्ण, आमच्या पिढीला ते नाव वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी जुलै २०१८ मध्ये अहवाल आणि कायद्याचा मसुदा दिला. मग विधेयक आलं, संयुक्त समितीकडे गेलं, २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, नवं आलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने. म्हणजे मे २०२७. ही मुलगी मे २०२६ मध्ये लग्न करतेय.

कायदा मी पूर्ण वाचला, मोठा नाही. त्यातली संमतीची व्याख्या मला मनापासून पटली. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती, माहिती घेऊन, अटीशिवाय आणि स्पष्ट कृतीने दिलेली असली पाहिजे. ती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. संमती मागताना ते निवेदन इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीतही. माझ्या नव्वद टक्के पेशंटांना यातूनच पहिल्यांदा कळेल की आपण कशाला हो म्हणतोय. आणि जबाबदारी कोणाची, याबद्दलही कायद्यात संदिग्धता नाही. माहिती कशासाठी वापरायची हे जो ठरवतो त्याची, मग काम त्याने एजन्सीला दिलेलं असो. माझ्यासारखी दोन खोल्यांची क्लिनिकवालीही त्यात येते. ते योग्यच आहे.

पण दोन गोष्टींचा मला राग येतो. २०११ च्या आयटी नियमांमध्ये संवेदनशील माहिती असा वेगळा वर्ग होता. शारीरिक आणि मानसिक आरोग्य, वैद्यकीय कागद, बँकेचे तपशील, बोटांचे ठसे वगैरे त्यात होते. श्रीकृष्णांच्या मसुद्यातही तो होता. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच नाही. मी कुठल्या रंगाची चप्पल बघितली आणि मला ऐकू कमी येतं, या दोन्ही गोष्टी कायद्याच्या दृष्टीने सारख्याच व्यक्तिगत माहिती. ज्याने एकदा तरी पेशंटासमोर बसून रिपोर्ट समजावून सांगितलाय, त्याला हे पटणार नाही. दुसरं म्हणजे दंडाची रक्कम. ती २५० कोटींपर्यंत असू शकते, पण जमा होते सरकारी तिजोरीत. जिचं नुकसान झालं तिला एक पैसा नाही. आधीच्या आयटी कायद्यातलं कलम ४३ अ निदान भरपाई मागायचा रस्ता ठेवत होतं, या कायद्याने तेही वगळायचं ठरवलं आहे. वर खोटी तक्रार केली तर सामान्य माणसालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. त्या मुलीच्या वडिलांना विहिणीसमोर मान खाली घालावी लागली, त्याची किंमत कुठल्या खात्यात जमा होणार?

मी काय केलं ते सांगते. त्याच सोमवारी पिक्सेल काढला. भाच्याने पुन्हा तपासलं, एकही ओळ बाहेर गेली नाही. जाहिरातीच्या खात्यात चढवलेली यादी माझ्यासमोर बसून डिलीट करायला लावली. फॉर्म काढला, आता साइटवर पत्ता, वेळा आणि फोन नंबर आहे. आणि ज्यांनी ज्यांनी ऑनलाइन वेळ घेतली होती आणि जे त्या यादीत होते, त्या सगळ्यांना पत्र लिहिलं. मराठीत, एका पानाचं: काय गेलं, कधी गेलं, कोणाकडे गेलं, माझी चूक काय, आणि तुमच्या फोनमध्ये ते पान कुठे सापडेल. वकील असलेल्या मैत्रिणीने सांगितलं, लिहू नकोस, स्वतःविरुद्ध पुरावा देतेयस. मी तिचं ऐकलं नाही.

पत्रं गेल्यावर आठवडाभर फोन चालू होता. चरईतले एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, माझ्या कानाचं अख्ख्या बिल्डिंगला माहितीये, तुम्ही कशाला जीव जाळता?" बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ स्वतः आले आणि समोर बसून म्हणाले, डिलीट केलंत ते तुमच्याकडून. त्यांच्याकडून गेलं याचा पुरावा दाखवा. माझ्याकडे नव्हता. तसं सांगितलं. दोघांनी फाइल परत मागून घेतल्या आणि दुसरीकडे गेले.

सगळ्यात कठीण फोन कळव्याहून आला. त्या बाईंच्या मुलाला जन्मतः ऐकू येत नाही, मी तो दहा महिन्यांचा असल्यापासून बघतेय. आता दुसरीत आहे, मशीन लावून शाळेत कविता म्हणतो. बाई एवढंच म्हणाल्या, "मॅडम, त्याचंही गेलं का?" गेलं होतं. त्यांच्या नंबरवरून, पण पान मुलांच्या श्रवणदोषाचं होतं. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करायला या कायद्यात सरळ मनाई आहे. दवाखान्यांना नियमांत सवलत आहे, ती फक्त मुलाच्या आरोग्यासाठी लागेल तेवढी. जाहिरात त्यात बसत नाही. सात वर्षांच्या मुलाबद्दल ही एक गोष्ट कुठल्यातरी सर्व्हरवर लिहिली गेली आहे आणि ती लिहिणारा हात माझा होता, हे मला त्या बाईंना सांगावं लागलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं, गुरुवारी येतो मशीनची नळी बदलायला."

मागच्या आठवड्यात ती पुन्हा आली, मशीन लावून बघायला. सोबत तो होता. उंच, जरा अवघडलेला, हातात दोघांची हेल्मेटं. ती बूथमध्ये बसली, मी मशीन लावलं, दार ओढलं, काचेतून ती बटण दाबताना दिसत होती. पूर्वी जिथे तिचा चेहरा कोरा राहायचा त्या आवाजांना आता बोट हलत होतं. तो माझ्या टेबलापाशी उभा होता. तिची फाइल उघडी होती, वरच्या कागदावर डिसेंबरचा आलेख. त्याने मान थोडी तिरकी केली, मग सावरला आणि विचारलं, "मॅडम, मी बघू का? मला काही कळत नाही यातलं, पण समजून घ्यायचंय."

मी फाइल मिटली आणि बूथचं दार उघडलं. "हा विचारतोय, तुझा रिपोर्ट बघू का."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "डिसेंबरचा दाखवा," ती म्हणाली. "आजचा मी दाखवीन."

मी कागद त्याच्याकडे वळवला. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. हे डावीकडे खाली आहेत ना, ते जाड आवाज, तिथे तिला कमी येतं. मग बघ, उजवीकडे असे वर चढत जातात.